दाखल केलेल्या प्राप्तिकर विवरणपत्रातील चुकांची दुरुस्ती
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एखाद्या मुलाची जन्मतारीख चुकीची पडली, तर मुख्याध्यापक ती खोडरबराने पुसत नाहीत. चुकलेल्या नोंदीवर एक आडवी रेघ ओढली जाते, पण खालचे अक्षर वाचता येईल असेच राहू दिले जाते. वरिष्ठांची लेखी मंजुरी आल्यावर शेजारी शुद्ध नोंद घेतली जाते आणि तिच्यापुढे आदेशाचा क्रमांक, दिनांक व सही येते. मूळ चूक व तिची दुरुस्ती ही दोन्ही कागदावर कायम राहतात. रजिस्टराचा विश्वास टिकतो तो यामुळेच. प्राप्तिकर विवरणपत्राच्या दुरुस्तीचे तत्त्व याहून निराळे नाही. पहिले विवरणपत्र नाहीसे होत नाही. त्याच्या पोचपावतीचा क्रमांक व दिनांक लिहूनच दुसरे दाखल करावे लागते आणि ते पहिल्याच्या जागी उभे राहते.

असे असूनही अनुभव असा की, रजिस्टराची दुरुस्ती निर्धास्तपणे करणारे शिक्षक स्वतःच्या विवरणपत्रातील चूक दिसताच गडबडून जातात. काहीजण ‘कोणाच्या ध्यानात येणार आहे’ असे म्हणून स्वस्थ बसतात. काहीजण गोंदियास जाऊन, कोणी भेटेल त्याच्या हाती पॅन व आधार सोपवून मोकळे होतात आणि आपल्या नावे काय भरले गेले हे पाहतही नाहीत. या दोन्ही मार्गांनी नुकसान होते, व ते बहुधा मूळ चुकीपेक्षा मोठे असते. दवनीवाडा व आसपासच्या गावांतील शाळांत काम करणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींच्या विवरणपत्रांत ज्या चुका संभवतात, त्या समोर ठेवून हा विषय येथे मांडला आहे. उदाहरणे काल्पनिक आहेत. त्यांतील हिशेब मात्र कायद्याप्रमाणे केलेला आहे.

थोडा पूर्वेतिहास

आपल्या देशात प्राप्तिकर प्रथम १८६० साली बसला. १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमातच अशी तरतूद होती की, विवरणपत्र दाखल केल्यानंतर त्यात काही राहून गेले आहे किंवा चुकीचे लिहिले गेले आहे असे करदात्यास आढळल्यास, आकारणी पूर्ण होण्यापूर्वी त्याने सुधारित विवरणपत्र द्यावे. म्हणजे चूक सुधारण्याचा अधिकार ही संगणकयुगाची देणगी नव्हे. तो शंभर वर्षांहून जुना आहे.

त्यापुढचा १९६१ चा अधिनियम १ एप्रिल १९६२ रोजी अमलात आला आणि बरोबर एका महिन्याने, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्या वेळी दवनीवाडा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नोकरी आणि हा कायदा अशा रीतीने एकाच उन्हाळ्यातले. तेव्हाच्या प्राथमिक शिक्षकास करपात्र मर्यादा फार दूरची गोष्ट होती. आज ती बहुतेकांनी ओलांडली आहे. २०२५ चा नवा प्राप्तिकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी ३१ मार्च २०२६ पर्यंत मिळालेल्या उत्पन्नास १९६१ चेच नियम लागतात. या लेखातील कलमे व नमुने त्या जुन्या अधिनियमाचे आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट मात्र काळजी करण्याजोगी आहे. अधिकार जुना असला, तरी तो वापरण्याची मुदत आखूड होत गेली. पूर्वी आकारणी वर्ष संपल्यानंतरही एक वर्षपर्यंत सुधारित विवरणपत्र देता येत असे. आकारणी वर्ष २०१८-१९ पासून ती मुदत आकारणी वर्षाच्या अखेरीवर, म्हणजे ३१ मार्चवर आली, आणि २०२१-२२ पासून ती आणखी तीन महिने अलीकडे येऊन ३१ डिसेंबर झाली. आकारणी वर्ष २०२५-२६ साठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. अशा तारखा वित्त अधिनियमाने बदलतात. म्हणून मागील वर्षाची तारीख स्मरणात धरून बसू नये. त्या त्या वर्षी विभागाच्या संकेतस्थळावर ती पाहून घ्यावी.

चूक कोणाच्या हातून झाली?

दुरुस्तीचा पहिला प्रश्न ‘किती रुपयांची चूक’ हा नसून ‘चूक कोणाच्या कागदात आहे’ हा असतो. चूक आपल्या विवरणपत्रात असेल तर एक मार्ग, पगार काढणाऱ्या कार्यालयाच्या करकपात विवरणात असेल तर दुसरा, आणि विवरणपत्र बरोबर असून बंगळुरूच्या केंद्रात त्याचा हिशेब चुकला असेल तर तिसरा. मार्ग चुकला की महिने वाया जातात. कार्यालयाची चूक असताना शिक्षक आपलेच विवरणपत्र पुनःपुन्हा सुधारीत बसतो. आणि स्वतःची चूक असताना कार्यालयाकडे अर्ज करीत राहतो, तोवर मुदत निघून जाते.

म्हणून संशय येताच तीन कागद एकापुढे एक ठेवावे. पहिला, गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून मिळालेला फॉर्म १६. दुसरा, फॉर्म २६एएस, ज्यात आपल्या पॅनवर जमा झालेला कर दिसतो. तिसरा, वार्षिक माहिती विवरण, जे नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध आहे आणि ज्यात बँकेचे व्याज, ठेवी, समभाग, मोठे व्यवहार इत्यादींची नोंद असते. या तिन्हींशी दाखल केलेले विवरणपत्र ओळीओळीने ताडून पाहावे. हे काम संध्याकाळच्या एका तासाचे आहे. वस्तुतः ते विवरणपत्र भरण्याच्या आधीच करावयास हवे. परंतु आपण येथे चुकून गेलेल्यांसाठी लिहीत आहोत.

वार्षिक माहिती विवरण हे प्रमाण ग्रंथाप्रमाणे मानण्याचेही कारण नाही. आपल्याकडे पुष्कळदा आईच्या नावची मुदत ठेव मुलाच्या नावाबरोबर संयुक्त असते आणि बँकेत पॅन दिलेला असतो तो नोकरी करणाऱ्या मुलाचा. व्याज आईचे, पण नोंद मुलाच्या खाती. अशा वेळी त्याच विवरणात त्या नोंदीपुढे ‘ही माहिती दुसऱ्याच्या पॅनची आहे’ असा अभिप्राय नोंदविण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा आणि पुढील वर्षासाठी बँकेत पॅन बदलून घ्यावा.

स्वतःची चूक : एक हिशेब

दवनीवाड्याजवळच्या एका शाळेतील शिक्षक घेऊ. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये त्यांचा एकूण पगार ९,३५,००० रुपये झाला. त्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली. ७५,००० रुपये प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न ८,६०,००० रुपये. त्या वर्षीच्या दराने पहिल्या ३ लाखांवर काही नाही, ३ ते ७ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि उरलेल्या १,६०,००० वर १० टक्क्यांनी १६,०००, एकूण ३६,०००. त्यावर ४ टक्के उपकर १,४४० मिळवून ३७,४४० रुपये. तेवढाच कर पगारातून कापला गेला होता. गुरुजींनी नमुना १, म्हणजे ‘सहज’, भरला, देणे-घेणे शून्य आले आणि प्रकरण संपले असे त्यांस वाटले.

ऑक्टोबर महिन्यात त्यांनी वार्षिक माहिती विवरण उघडले, तेव्हा मुदत ठेवीचे ४२,००० रुपये व्याज त्यात दिसले. ते विवरणपत्रात नव्हते. बँकेने त्यावर १० टक्क्यांप्रमाणे ४,२०० रुपये कर कापलेला होता. ‘बँकेने कर कापला म्हणजे झाले’ हा समज येथे नडला. कापलेला कर हा केवळ आगाऊ भरणा असतो. उत्पन्न दाखविण्यातून त्याने सुटका होत नाही.

आता व्याज मिळविल्यास करपात्र उत्पन्न ९,०२,००० रुपये होते. त्यावरील कर २०,००० अधिक २०,२०० म्हणजे ४०,२००, आणि उपकर १,६०८, एकूण ४१,८०८. पगारातून ३७,४४० व बँकेतून ४,२०० असे ४१,६४० आधीच जमा आहेत. म्हणजे राहिले १६८ रुपये, आणि दहाच्या पटीत करून भरावयाचे १७०. ज्या चुकीच्या धास्तीने माणूस झोप घालवितो तिची किंमत एवढीच निघते. पण ही किंमत निघते ती मुदतीत दुरुस्ती केली तर. तेच उत्पन्न पुढे विभागाने शोधून काढले, तर कलम २७०-अ प्रमाणे कमी दाखविलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के आणि उत्पन्न चुकीचे दाखविल्याचे ठरल्यास २०० टक्के शास्ती होऊ शकते.

हा हिशेब येथेच थांबता तर बरे झाले असते. परंतु आपला मुलूख धानाचा. या गुरुजींच्या नावे वडिलोपार्जित शेती आहे, सातबारा आहे आणि त्या वर्षी धान आधारभूत खरेदी केंद्रावर विकून, बियाणे, खत, रोवणी, कापणी, मळणी यांचा खर्च वजा जाता ६०,००० रुपये उरले. शेतीचे उत्पन्न करमुक्त, ते दाखवावयाचे कशाला, असे त्यांस वाटले. आपल्या भागात ही चूक सर्वांत अधिक संभवते, म्हणून तिच्याकडे नीट पाहू.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकार कर घेत नाही हे खरे. परंतु के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ साली केलेल्या शिफारशीनंतर १९७३ च्या वित्त अधिनियमापासून असा नियम आहे की, निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असून इतर उत्पन्नही करमुक्त मर्यादेपलीकडचे असेल, तर इतर उत्पन्नावरील दर ठरविताना शेतीचे उत्पन्न जमेस धरावयाचे. शेतीवर कर नाही. पण शेतीमुळे पगारावरील कराची पायरी चढते. शिवाय ५,००० हून अधिक शेती उत्पन्न असलेल्यास ‘सहज’ नमुना चालत नाही. नमुना २ भरावा लागतो. म्हणजे गुरुजींचा नमुनाही चुकला होता.

रीत अशी. प्रथम ९,०२,००० व ६०,००० मिळून ९,६२,००० वर कर काढावा. तो ४६,२०० येतो. मग ६०,००० मध्ये करमुक्त मर्यादेचे ३,००,००० मिळवून ३,६०,००० वर कर काढावा. तो ३,००० येतो. पहिल्यातून दुसरा वजा केला की ४३,२०० उरतात. उपकर १,७२८ धरून ४४,९२८. जमा ४१,६४० वजा जाता ३,२८८, म्हणजे भरावयाचे ३,२९० रुपये. देणे १०,००० च्या आत असल्याने अग्रिम कर न भरल्याचे व्याज येथे लागत नाही.

गुरुजींनी काय करावे? ३,२९० रुपये स्वयंआकारणी कर म्हणून भरावे आणि चलनावरील आकारणी वर्ष २०२५-२६ हेच आहे याची खात्री करावी. आर्थिक वर्ष व आकारणी वर्ष यांतील घोटाळा चलनात फार होतो. नंतर संकेतस्थळावर कलम १३९(५) निवडून, मूळ पोचपावतीचा क्रमांक व दिनांक देऊन, नमुना २ मध्ये संपूर्ण विवरणपत्र पुन्हा भरावे. केवळ बदललेल्या दोन ओळी पाठविण्याची रीत नाही. मूळ विवरणपत्राचा हिशेब होऊन कलम १४३(१) ची सूचना आलेली असली, किंवा परतावा बँकेत जमा झालेला असला, तरी मुदत शिल्लक असल्यास सुधारणा करता येते. एकदा सुधारल्यावर आणखी चूक आढळली, तर पुन्हाही सुधारता येते. आकारणी वर्ष २०१७-१८ पासून विलंबाने दाखल केलेले विवरणपत्रसुद्धा सुधारता येऊ लागले. मात्र विलंबित विवरणपत्रात जुनी करप्रणाली निवडता येत नाही. ज्यांना गृहकर्ज किंवा कलम ८०-क ची वजावट हवी असेल, त्यांनी मूळ मुदत चुकवू नये.

शेवटची पायरी पुष्कळजण विसरतात. सुधारित विवरणपत्राचेही सत्यापन करावे लागते, आणि १ ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी १२० ऐवजी ३० दिवसच मिळतात. आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संकेतांकाने ते दोन मिनिटांत होते. नाही तर सही केलेली पावती टपालाने बंगळुरूस पाठवावी. सत्यापन राहिले तर सारी दुरुस्ती न केल्यासारखीच.

कार्यालयाच्या कागदातील चूक

शिक्षकाचा पगार शालार्थ प्रणालीतून निघतो आणि कापलेल्या कराचे त्रैमासिक विवरण आहरण व संवितरण अधिकारी दाखल करतात. त्यात पॅनचे एक अक्षर चुकले, तर आपला कर दुसऱ्याच व्यक्तीच्या खाती जमा होतो. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींच्या बाबतीत सेवापुस्तकात एक नाव, पॅनवर दुसरे व आधारवर तिसरे, असा प्रकार असतो आणि त्यातूनही गोंधळ उद्भवतो. कधी चौथ्या तिमाहीचे विवरणच उशिरा जाते. परिणाम एकच : फॉर्म १६ मध्ये कर दिसतो, २६एएस मध्ये दिसत नाही आणि विभागाकडून मागणीपत्र येते.

येथे विवरणपत्र सुधारण्याचा मोह टाळावा. कर कापला गेला हे खरे असेल, तर आपले विवरणपत्र बरोबरच आहे. दुरुस्ती कार्यालयाने करकपातीचे सुधारित विवरण भरून करावयाची असते. त्यासाठी लेखी अर्ज द्यावा. त्यास त्या वर्षाच्या पगारपत्रकांच्या प्रती, फॉर्म १६, पॅनची प्रत व मागणीपत्राची प्रत जोडावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी सांगून काम होते असा ज्यांचा विश्वास असेल, त्यांनी निदान तारीख तरी टिपून ठेवावी. करकपातीची विवरणे दुरुस्त करण्यास पूर्वी मुदतीचे बंधन नव्हते. १ एप्रिल २०२५ पासून सहा वर्षांची मर्यादा आली आणि २०२५ च्या नव्या अधिनियमाने ती दोन वर्षांवर आणली. तेव्हा असे मागणीपत्र पेटीत ठेवून देणे आता परवडणारे नाही.

पगारातून कर कापला गेला, पण तो सरकारजमा झाला नाही, तर तो शिक्षकाकडून पुन्हा वसूल करता येतो काय? कलम २०५ सांगते की नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली एका नोकरदाराच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. कापलेला कर मालकाने भरला नाही, याचा बोजा नोकरावर टाकता येत नाही, वसुली मालकाकडून करावी. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ व २०१६ साली आपल्या अधिकाऱ्यांस त्याप्रमाणे सूचना दिल्या. अर्थात कर कापला गेल्याचा पुरावा आपल्यापाशी असला पाहिजे, आणि तो पुरावा म्हणजे दर महिन्याचे पगारपत्रक. ते जपून ठेवावे.

थकबाकी व नमुना १०-ई

सातव्या वेतन आयोगाची १ जानेवारी २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ या काळातील थकबाकी राज्य शासनाने २०१९-२० पासून पाच हप्त्यांत देण्याचे ठरविले. वरिष्ठ वेतनश्रेणी मंजूर झाली की तिचीही थकबाकी एकदम येते. अनेक वर्षांचा पगार एकाच वर्षी हाती आल्याने कराचा दर चढतो, तो अन्याय दूर करण्यासाठी कलम ८९ ची सवलत आहे. रक्कम भविष्य निर्वाह निधीत जमा झाली म्हणून ती उत्पन्न नव्हे, असे समजू नये. ती पगारच असते.

ही सवलत घेताना नमुना १०-ई संकेतस्थळावर विवरणपत्राच्या आधी दाखल करावा लागतो. तो न भरता सवलत घेतली, तर बंगळुरूच्या केंद्रात ती नाकारली जाते आणि तेवढ्या रकमेची मागणी निघते. शिक्षकांच्या बाबतीत हे वारंवार घडते. कारण फॉर्म १६ मध्ये कार्यालयाने सवलत दाखविलेली असते आणि आपले काम झाले असे वाटते. अशी चूक ध्यानात येताच प्रथम १०-ई भरावा आणि मग मुदतीत सुधारित विवरणपत्र द्यावे. क्रम उलटा करू नये.

बंगळुरूच्या हिशेबातील चूक

विवरणपत्र बरोबर, करही जमा. पण हिशेब करताना जमा कर धरलाच गेला नाही, किंवा बेरीज चुकली, तर कलम १५४ प्रमाणे दुरुस्तीचा अर्ज करावा. आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला, त्याच्या अखेरीपासून चार वर्षे ही मुभा आहे. आणि अर्ज पोहोचल्याच्या महिनाअखेरीपासून सहा महिन्यांत निर्णय देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मात्र चूक कागदावर उघड दिसणारी हवी. मुंबईच्या व्होल्कार्ट ब्रदर्स या पेढीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितले की, जी सिद्ध करण्यास लांबलचक युक्तिवाद लागतो, ती उघड चूक नव्हे. विसरलेली वजावट या मार्गाने मागता येत नाही. तिच्यासाठी सुधारित विवरणपत्रच हवे. २००६ साली गोएत्झे कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुसते पत्र लिहून आकारणी अधिकाऱ्याकडे नवी वजावट मागता येणार नाही, असे ठरविले.

कलम १३९(९) ची ‘सदोष विवरणपत्रा’ची सूचना आल्यास १५ दिवसांत, आणि कलम १४३(१)(अ) खालील फेरफाराची सूचना आल्यास ३० दिवसांत उत्तर द्यावे, एवढे येथे पुरे.

मुदत निघून गेल्यावर

३१ डिसेंबरनंतर आपले उत्पन्न कमी दाखविले गेल्याचे आढळले तर? २०२२ च्या वित्त अधिनियमाने कलम १३९(८-अ) आणून ‘अद्ययावत विवरणपत्रा’ची वाट मोकळी केली. प्रथम तिची मुदत आकारणी वर्षाच्या अखेरीपासून २४ महिने होती. २०२५ च्या वित्त अधिनियमाने ती ४८ महिने केली. मात्र कर व व्याज यांवर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के जादा कर द्यावा लागतो. आपल्या उदाहरणातील ३,२८८ रुपयांवर, व्याज बाजूला ठेवले तरी, पहिल्या वर्षी ८२२ आणि चौथ्या वर्षी सुमारे २,३०२ रुपये अधिक पडतील. या वाटेने परतावा मागता येत नाही, कर कमी करून घेता येत नाही, आणि एका वर्षासाठी ती एकदाच वापरता येते. अधिक भरलेला कर परत हवा असेल, तर डिसेंबरपूर्वीच जागे व्हावे.

एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. परताव्याचा काही हिस्सा मेहनताना म्हणून घेऊन, न भरलेले घरभाडे, न दिलेली देणगी, न काढलेले शैक्षणिक कर्ज विवरणपत्रात दाखवून देणारे मध्यस्थ गावोगाव आढळतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत १५० ठिकाणी अशा मध्यस्थांची पडताळणी केली. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे अद्ययावत करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही तेव्हा विभागाने जाहीर केले. अशा जाळ्यात पगारदार माणूस सापडतो तो बहुधा अज्ञानाने. पण विवरणपत्रावर सत्यापन त्याचे असते, मध्यस्थाचे नसते. ज्या कोणी आपले विवरणपत्र असे भरवून घेतले असेल, त्यांनी त्याची प्रत उघडून वजावटींचा रकाना आजच वाचावा आणि जो आकडा कागदाने सिद्ध होत नाही, तो मागे घ्यावा. चौकशी सुरू झाल्यानंतर केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती धरली जात नाही.

अधिकाऱ्यांविषयी मनात असलेली भीती काहीशी कमी व्हावी म्हणून एक जुना कागद सांगतो. केंद्रीय मंडळाने ११ एप्रिल १९५५ रोजी परिपत्रक क्रमांक १४ काढून आपल्या अधिकाऱ्यांस बजावले होते की, करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नये आणि त्यास मिळू शकणाऱ्या सवलती त्याच्या नजरेस आणून द्याव्यात. न्यायालये आजही या परिपत्रकाचा आधार घेतात. मागणीपत्राला उत्तर देताना आपणही त्याचा उल्लेख करण्यास हरकत नाही.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात धानाचे निव्वळ उत्पन्न ६०,००० ऐवजी ४,५०० रुपये असते, तर गुरुजींना नमुना बदलावा लागला असता काय? भरावयाची रक्कम किती आली असती?

२. एका शिक्षिकेच्या फॉर्म १६ मध्ये २८,००० रुपये कर दिसतो. २६एएस मध्ये २१,००० दिसतो. तिने कोणाकडे, कोणते कागद जोडून अर्ज करावा, याचा मसुदा तयार करा.

३. थकबाकीची सवलत घेतली, १०-ई भरला नाही, विवरणपत्राचा हिशेब होऊन मागणी आली आणि तारीख २० नोव्हेंबर आहे. पुढील पायऱ्या क्रमाने लिहा.

४. आपल्या स्वतःच्या मागील विवरणपत्राची प्रत, फॉर्म १६, २६एएस व वार्षिक माहिती विवरण पुढील केंद्रसंमेलनास सोबत आणा. ताडून पाहण्याचे काम तेथे जोडीजोडीने करावयाचे आहे. आकडे दुसऱ्यास दाखविण्याची सक्ती कोणावरही नाही.